शिंदीचा रस: नीरा कधी ताडी होते, आणि ताडी कधी विष

आपल्या परभणी जिल्ह्यात ओढ्याकाठी, पाणथळ जागी, शेताच्या बांधावर शिंदीची झाडे अजून दिसतात. लक्ष्मीपूजनाला आपण ज्या केरसुणीची पूजा करतो, ती याच झाडाच्या पानांची. पण शिंदी म्हटले की बहुतेकांना केरसुणी आठवत नाही, गाडग्यातला रस आठवतो. शिंदी हे झाडाचे नाव, आणि त्यापासून मिळणाऱ्या मादक पेयाचेही तेच नाव.

ओपीडीत या रसाबद्दल दोन अगदी वेगळे प्रश्न येतात. पहिला प्रश्न हौसेचा असतो. "डॉक्टरसाहेब, नीरा नैसर्गिक आहे म्हणतात, मग शुगरवाल्याला चालते का?" दुसरा प्रश्न काळजीचा असतो, आणि तो बहुधा बायको किंवा मुलगा विचारतो. "हे फक्त शिंदीच पितात हो, दारू नाही. मग दोन दिवस मिळाली नाही तर हातपाय का कापतात, रात्रभर बडबड का करतात?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरे या झाडाच्या इतिहासात आहेत. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. आधी झाडाचा, मग निजामाच्या काळचा, मग बंदीचा, आणि शेवटी त्यातून आपल्या तब्येतीसाठी काय शिकायचे ते.

झाडातून रस निघतो कसा?

शिंदी ही खजुराची रानटी बहीण. हिला फळे येतात, पण त्यात गर कमी आणि बीच जास्त. खरी किंमत खोडातल्या रसाला. थंडी सुरू झाली की रस काढणारा माणूस कमरेला दोर बांधून झाडावर चढतो, शेंड्याजवळच्या एका बाजूच्या पानांचे देठ कोयत्याने साफ करतो आणि कोवळ्या खोडाचा भाग उघडा करतो. काही दिवसांनी त्या जागी पातळ खाच पाडतात, खाली गाडगे बांधतात. रात्रभर थेंब थेंब रस गोळा होतो आणि सूर्य वर यायच्या आत उतरवला जातो. थोडे दिवस रस काढला की झाडाला विश्रांती द्यावी लागते. पुढच्या वर्षी खाच विरुद्ध बाजूला पाडतात. त्यामुळे जुन्या शिंदीचे खोड नागमोडी दिसते. त्या खाचा मोजल्या तर त्या झाडाने किती हंगाम रस दिला याचा अंदाज येतो.

ताड आणि माड यांचा रस त्यांच्या फुलोऱ्याच्या दांड्यातून काढतात, शिंदीचा मात्र खोडातून. ताडाची ती ताडी, माडाची ती माडी, शिंदीची ती शिंदी. बोलताना आपण सगळ्यांनाच ताडी म्हणतो.

झाडाचा रस पिणे ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. रशिया, फिनलंड, लाटव्हिया अशा थंड देशांत बर्फ वितळू लागला की बर्च नावाच्या झाडाला भोक पाडून रस काढतात. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पूर्वी ग्रंथ लिहीत, ते हिमालयातले भूर्ज याच बर्चच्या कुळातले. कॅनडात मेपलचा रस काढून त्याचा पाक करतात. पण एक मोठा फरक आहे. बर्चच्या रसात साखर साधारण एक टक्का, मेपलच्या रसात दोन-तीन टक्के. शिंदीच्या ताज्या रसात मात्र दहा टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहून जास्त.

याचे कारण सोपे आहे. झाडात दोन प्रकारच्या नळ्या असतात. एका प्रकारच्या नळ्या मुळांकडून पाणी वर नेतात, दुसऱ्या पानांत तयार झालेली साखर झाडभर पोचवतात. बर्चचा रस मिळतो तो पाण्याच्या नळ्यांतून, शिंदीचा साखरेच्या नळ्यांतून. म्हणून बर्चचा रस हे जवळजवळ पाणी, आणि शिंदीचा रस हे जवळजवळ सरबत. मधुमेह असलेल्यांनी हा फरक लक्षात ठेवावा, पुढे कामाला येणार आहे.

काही तासांची गोष्ट

एवढी साखर आणि आपल्याकडचे ऊन एकत्र आले की रस आंबणारच. हवेतून, जुन्या गाडग्यातून, झाडाच्या सालीवरून यीस्ट आणि इतर सूक्ष्मजीव रसात उतरतात आणि साखरेचे अल्कोहोल करू लागतात. इडलीचे पीठ रात्रभरात फुगते तसाच हा प्रकार, फक्त कितीतरी वेगाने. पहाटे गोड असलेला रस ऊन चढल्यावर फेसाळतो, दुपारी आंबूस आणि चढणारा होतो. दिवसभरात त्यात चार-पाच टक्के अल्कोहोल तयार होऊ शकते. आणखी ठेवला तर त्याचा सिरका होतो.

म्हणजे नीरा आणि ताडी ही दोन वेगळी पेये नाहीत. एकाच रसाच्या सकाळ आणि दुपार आहेत.

हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. शार्ङ्गधरसंहितेत ताड आणि खजुरीचा रस आंबवून केलेल्या मद्याला 'वारुणी' असे वेगळे नाव दिले आहे. रस आंबू नये म्हणून गाडग्याला आतून चुना लावायची युक्तीही जुनीच. चुन्यामुळे रस अल्कधर्मी होतो आणि आंबवणाऱ्या जंतूंची वाढ मंदावते. यामागचे शास्त्र एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चरने उलगडले. आंबणे हे नुसते रासायनिक सडणे नाही, ते जिवंत सूक्ष्मजीवांचे काम आहे, हे त्याने १८५७ पासूनच्या प्रयोगांतून दाखवले. पण चुना लावणाऱ्या हातांनी पाश्चरची वाट पाहिली नव्हती.

आता एक हिशेब करू, कारण "शिंदी म्हणजे काही दारू नव्हे" हे वाक्य मी फार वेळा ऐकतो. पाच टक्के अल्कोहोल असलेली अर्धा लिटर ताडी घेतली तर तिच्यात सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल पोटात जाते. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्येही तेवढेच असते. शिंदी पिणारा अर्ध्या लिटरवर थांबतो असे क्वचितच होते. यकृताला ताडी आणि व्हिस्की यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त ग्रॅम कळतात.

निजामाच्या तिजोरीतला रस

आता आपल्या भागाच्या इतिहासाकडे येऊ. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या उत्पन्नात जमीन महसुलाबरोबर आबकारीचा, म्हणजे मादक पदार्थांवरील कराचा, वाटा फार मोठा होता. हैदराबादी बोलीत शिंदीला सेंधी म्हणत. शिंदी काढण्याचे आणि विकण्याचे हक्क लिलावाने दिले जात. हा गुत्ता घेणारा तो गुत्तेदार. कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणायची आपली सवय अजून गेलेली नाही.

शेतकऱ्याच्या बांधावर झाड उभे असले तरी परवान्याशिवाय त्यातून रस काढता येत नसे. झाड शेतकऱ्याचे, मेहनत झाडावर चढणाऱ्याची, पिणारा मजूर, आणि पैसा गुत्तेदारामार्फत सरकारचा, अशी ती साखळी होती. पलीकडे इंग्रजांच्या मुलखातही वेगळे काही नव्हते. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने तिकडे ताडी-माडीवर सरकारचा ताबा घट्ट केला होता.

डॉक्टर म्हणून मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सरकारचे उत्पन्न ज्या वस्तूच्या खपावर अवलंबून असते, तिचा खप कमी व्हावा असे सरकारला मनापासून वाटणे अवघड असते. मजुरीच्या दिवशी संध्याकाळी दुकान उघडे असणे ही गुत्तेदाराची गरज होती, आणि गुत्त्याची रक्कम वेळेवर येणे ही सरकारची. घरात त्या संध्याकाळी भाकरी आहे की नाही, हे कोणाच्याच वहीत लिहिले जात नव्हते.

१९४७: शिंदीच्या झाडांवर कुऱ्हाड

त्यामुळे मुक्तिसंग्रामात शिंदीचे झाड सापडले यात नवल नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ पासून भारतात सामील होण्यासाठी लढा सुरू केला. साराबंदी, लेव्हीला विरोध, करोडगिरी नाक्यांवर हल्ले, जंगल सत्याग्रह, आणि त्याच जोडीला शिंदीची झाडे तोडणे, असा तो कार्यक्रम होता. झाड तोडले की आबकारीचे उत्पन्न तुटते, आणि गावातले व्यसनही तुटते, असा दुहेरी हेतू त्यात होता. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा. मराठवाड्यात अनेक घरांत या झाडतोडीच्या आठवणी अजून निघतात.

ही कल्पना त्याआधीही वापरली गेली होती. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात गांधीजींनी सुरत जिल्ह्यात ताडीची झाडे तोडायला सांगितले होते. १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानात चित्रदुर्गजवळच्या तुरुवनूरला असाच सत्याग्रह झाला होता.

पण गांधीजींचा विचार पुढे बदलत गेला. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहू लागले. तिथे प्रश्न वेगळ्या प्रकारे विचारला गेला: झाड तोडले तर झाडावर चढणाऱ्याने खायचे काय? रस आंबायच्या आत नीरा म्हणून विकला किंवा उकळून त्याचा गूळ केला तर झाडही राहील आणि रोजगारही. गजानन नाईक यांनी या ताडगुळाच्या कामाला वाहून घेतले. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर छोटेसे पुस्तक लिहिले, त्यातही ताडीला नकार आणि ताज्या नीरेला होकार आहे.

म्हणजे बारा वर्षांत कुऱ्हाडीऐवजी चुना लावलेले गाडगे हातात आले. दोष झाडाचा नाही, रस उतरल्यानंतर त्याचे काय करायचे हे माणूस ठरवतो, हे त्यामागचे शहाणपण.

बंदी आली, तेव्हा वैद्यकाला काय माहीत होते?

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आणली. त्या कायद्यात न आंबलेली नीरा आणि ताडी यांचा वेगवेगळा विचार आहे. पुढे मुंबई-पुण्याकडे दिसणारी नीरा केंद्रे याच धोरणाची. १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालेला मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला आणि नंतर हा कायदा इकडेही लागू झाला. पुढे बंदी सैल होत गेली, परवान्यांची पद्धत आली.

बंदीचे बरेवाईट परिणाम यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला इथे फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते, फिट येते, भिंतीवर किडे दिसतात, माणूस भ्रमात बडबडतो. या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स हे नाव १८१३ मध्ये थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरने दिले. पण हे दारू पिल्याने होते की दारू थांबल्याने, यावर पुढे शंभराहून अधिक वर्षे डॉक्टरांचे एकमत नव्हते.

त्याचे स्पष्ट उत्तर १९५५ मध्ये मिळाले. अमेरिकेतल्या लेक्सिंग्टन इथे हॅरिस इसबेल यांनी दहा जणांना, व्यवस्थित जेवण आणि जीवनसत्त्वे देऊन, काही आठवडे रोज मद्य दिले आणि मग ते एकदम थांबवले. सर्वांत जास्त काळ प्यायलेल्यांपैकी काहींना फिट आल्या, काही भ्रमात गेले. जेवण नीट असूनही हे घडले, म्हणजे कारण उपासमार नव्हे, कारण मद्य अचानक थांबणे. ते स्वयंसेवक कैदी होते. असा प्रयोग आज कोणतीही नैतिक समिती मान्य करणार नाही. पण त्यातून आलेले ज्ञान आज आपल्या वॉर्डात रोज जीव वाचवते.

तारखा बघा. मराठवाड्यात झाडे तुटली १९४७ मध्ये, मुंबई राज्यात बंदी आली १९५० मध्ये, आणि अचानक थांबणे धोक्याचे असते हे प्रयोगाने सिद्ध झाले १९५५ मध्ये. त्या काळच्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याला मात्र हे माहीत आहे. त्यामुळे आपण तसेच वागलो तर ती सबब आपल्याला नाही.

शिंदी नसलेली शिंदी

आता कथेचा सगळ्यात वाईट भाग. झाडे कमी झाली, त्यांच्यावर चढणारे कमी झाले, पण गिऱ्हाईक तेवढेच राहिले. एका झाडाचा एका रात्रीचा रस मोजकाच असतो. मग दुकानातली टाकी भरते कशी? पाणी, गोडीसाठी सॅकरिन, आणि नशेसाठी क्लोरल हायड्रेट.

क्लोरल हायड्रेट हे झोपेचे औषध. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी ते १८३२ मध्ये तयार केले आणि १८६९ मध्ये ऑस्कर लीब्राइख यांनी त्याने झोप लागते हे दाखवले. प्रयोगशाळेत तयार झालेले हे पहिले झोपेचे औषध. एके काळी युरोपातल्या दवाखान्यांत ते सर्रास दिले जाई. सवय लागते, जास्त डोस झाला तर श्वास मंदावतो आणि हृदयाचे ठोके बिघडतात, हे कळत गेले तसे ते मागे पडले. दवाखान्यातून जवळजवळ गेलेले हे औषध ताडीच्या दुकानात मात्र टिकले. महाराष्ट्रात अनेक ठिकाणच्या छाप्यांत ताडीसाठी आणलेले क्लोरल हायड्रेट सापडले आहे. त्याच्या जोडीला डायझेपाम आणि अल्प्राझोलाम या गोळ्यांची पावडरही मिसळली जाते.

अल्कोहोल आणि ही औषधे मेंदूवर जवळपास सारख्याच प्रकारे काम करतात. दोन्ही मेंदूचा वेग कमी करतात, आणि एकत्र आली की परिणाम नुसता दुप्पट होत नाही, त्याहून जास्त होतो. जीभ जड होते, तोल जातो, माणूस वाटेत पडतो. जास्त झाले तर झोपेतच श्वास थांबू शकतो. आणि रोज घेणाऱ्याचा मेंदू या दाबाला सरावतो. हा दाब एकदम निघाला की मेंदू उसळतो. त्या उसळीलाच फिट आणि भ्रम म्हणतात.

आता सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असेल. "फक्त शिंदी" पिणाऱ्याचे हातपाय कापतात, कारण तो फक्त शिंदी पीत नव्हता. त्याला न सांगता कोणीतरी रोज झोपेच्या गोळ्या पाजत होते.

आपल्या शेजारीच याचा मोठा धडा मिळाला. नांदेडच्या पलीकडे लागणारा निजामाबाद जिल्हा एके काळी आपल्याच संस्थानातला. २०१५ मध्ये तेलंगणात भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली. विष थांबवणे योग्यच होते. पण ज्यांच्या शरीराला त्या गोळ्यांची सवय झाली होती, अशा माणसांची रांग निजामाबाद, महबूबनगर आणि हैदराबादच्या सरकारी रुग्णालयांत लागली. कुणाला फिट, कुणी भ्रमात, काहींचा मृत्यू. दुकान एका दिवसात बंद करता येते. शरीराची सवय एका दिवसात बंद करता येत नाही. जिथे दुकानाला कुलूप लागते, तिथे त्याच दिवशी व्यसनमुक्तीची खाट तयार हवी.

आणि वटवाघूळ

शुद्ध, ताज्या रसाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. बांगलादेशात थंडीत खजुरीचा कच्चा रस पिण्याची मोठी प्रथा आहे. तिथे २००१ पासून निपाह विषाणूच्या साथी येतात. २००५ च्या सुमारास तंगाइल भागातल्या साथीच्या तपासात कच्च्या रसाकडे बोट गेले. नंतर रात्री अंधारात चालणारे कॅमेरे झाडांवर लावले, तेव्हा फळे खाणारी मोठी वटवाघळे खाचेतून वाहणारा रस चाटताना दिसली. त्यांच्या लाळेतून आणि लघवीतून विषाणू गाडग्यात उतरतो. तिथे लागण झालेल्या दर दहा जणांपैकी साधारण सात जण दगावले आहेत. उपाय साधा निघाला: खाच आणि गाडगे बांबूच्या विणलेल्या पडद्याने झाकायचे.

आपल्याकडे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाहच्या खुणा सापडल्या होत्या. म्हणून उघड्या गाडग्यातला कच्चा रस टाळावा. उकळल्यावर हा विषाणू टिकत नाही, त्यामुळे उकळून केलेल्या गुळाला ही भीती नाही.

मग करायचे काय?

आता रोजच्या उपयोगाच्या गोष्टी.

१. मधुमेह असेल तर: २०० मिली नीरेत साधारण २० ते २४ ग्रॅम साखर असते, म्हणजे चार-पाच चमचे. ती मुख्यतः उसाच्या साखरेसारखीच साखर आहे. झाडातून आली म्हणून रक्तात गेल्यावर ती वेगळी वागत नाही. शुगरवाल्यांनी नीरा टाळावी. ताडगूळ हाही गूळच.

२. किडनीचा आजार असेल तर: नीरेत पोटॅशियम बरेच असते. किडनी कमजोर असलेल्यांनी नारळपाण्याइतकीच नीरेचीही काळजी घ्यावी. मुतखड्यासाठी म्हणून ताडी पिणाऱ्यांना सांगतो, खड्याला हवे असते ते पाणी. ते घरच्या माठात फुकट आहे.

३. निरोगी माणसाने: अधिकृत केंद्रावरची, थंड ठेवलेली, त्याच सकाळची नीरा कधीतरी एक ग्लास पिण्यास हरकत नाही. फेस आलेली, आंबूस वासाची नीरा म्हणजे ताडी. ती लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना देऊ नये. दारू सोडण्यासाठी डायसल्फिरामची गोळी चालू असलेल्यांनी नीरेच्या वाटेलाच जाऊ नये. थोडी आंबलेली असली तरी जोराची रिअॅक्शन येऊ शकते.

४. घरात कोणी रोज शिंदी किंवा ताडी पीत असेल तर: त्याला कोंडून ठेवून, शपथ घालून, एका दिवसात बंद करू नका. त्याला घेऊन डॉक्टरांकडे या. काही दिवस औषधे देऊन, ती टप्प्याटप्प्याने कमी करत हे व्यसन सुरक्षितपणे सोडवता येते. रोज किती, किती वर्षे आणि कुठली पितात हे न लाजता सांगा. ही माहिती पोलिसांसाठी नसते, औषधाचा डोस ठरवण्यासाठी असते.

५. ताबडतोब दवाखान्यात न्यायची लक्षणे: पिणे थांबल्यावर फिट येणे, भ्रम, नसलेल्या वस्तू दिसणे, खूप ताप-घाम, हात फार थरथरणे. आणि प्यायल्यावर हलवूनही जाग न येणे किंवा श्वास घरघरत मंद होणे. अशा माणसाला कुशीवर वळवा, तोंडात पाणी, लिंबू, ताक काहीही घालू नका आणि १०८ ला फोन करा. प्यायलेली बाटली किंवा उरलेला रस सोबत आणलात तर आम्हाला उपचार ठरवायला मदत होते.

६. "पिऊन पडलाय, उतरली की उठेल" असे समजून कोणाला रात्रभर ओट्यावर झोपू देऊ नका. साध्या ताडीची नशा उतरते. क्लोरलच्या नशेतून प्रत्येक जण उठतोच असे नाही.

शिंदीचे झाड आपल्या बांधावर निजामाच्या आधीपासून आहे. ते केरसुणी देते, पाखरांना फळे देते, थंडीत गोड रस देते. त्यावर कर लावला माणसाने, कुऱ्हाड चालवली माणसाने, आणि त्याचे नाव लावून झोपेची पावडर विकली तीही माणसानेच. तुमच्या घरात, शेजारात, शेतावर कामाला येणाऱ्यांत कोणाचे सकाळी हात कापत असतील, तर त्याला "बेवडा" म्हणण्याआधी दवाखान्यात आणा. तो आजारी आहे, आणि या आजारावर उपचार आहे.